सोळा तास जास्त जगणारी आई

गाशे बेयेनेइतका खोटं बोलणारा माणूस आमच्या शिरो मेदाच्या वस्तीत दुसरा झाला नाही, आणि त्याच्याइतका भलाही झाला नाही. एकाच माणसाविषयी ही दोन्ही वाक्यं कशी, असं कुणी विचारलं तर समजावं, हा आदिस अबाबात फार दिवस राहिलेला नाही.

गाशे म्हणजे दादा, सगळे त्याला तेच म्हणायचे. निळ्या अंगाची, पांढऱ्या टपाची त्याची लाडा टॅक्सी होती. मागचं एक दार आतून उघडायचं नाही आणि पुढची काच अर्ध्यावर अडकलेली. धंदा म्हणाल तर चारचौघांसारखाच. मेर्कातोच्या बाजाराची ओझी, चर्चला जाणाऱ्या म्हाताऱ्या, लग्नातल्या नवऱ्या. पण त्याचं खरं काम वेगळं होतं, आणि ते काम आलं की बाकीची गिऱ्हाइकं तो बिनदिक्कत रस्त्यात उतरवायचा. परदेशी गेलेल्या कुणाची आई किंवा बाप इकडे वारला, की त्या मुलाला बोले विमानतळावरून घरी आणायचं ते बेयेनेनं. आणि आणायचं कसं, तर त्याला कशाचाही पत्ता लागू न देता.

मेल्याची बातमी फोनवर सांगायची नसते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. परमुलखात एकटा जीव. फोन ठेवला की समोर भिंत. कोण धरणार त्याला, कोण पाणी देणार? म्हणून सांगायचं, "आईला जरा बरं नाही, येऊन जा." पोरगा येतो. रात्री त्याला जेवू घालायचं, झोपवायचं. मग पहाटे गल्लीतली मोठी माणसं पांढऱ्या शाली लपेटून अंगणात जमतात. कुणी तोंड उघडायच्या आतच त्याला कळतं, आणि तो कोसळतो तेव्हा त्याला झेलायला चारी बाजूंनी आपली माणसं असतात. मेर्दो म्हणतात याला. हल्लीची शिकलेली पोरं म्हणतात, ही शुद्ध फसवणूक आहे. असेल बाबा. त्यांच्या आया अजून धडधाकट आहेत.

अशा दिवशी बेयेने दाढी घोटायचा, लग्नातला कोट चढवायचा, टाय बांधायचा. पुढच्या सीटवर केळी आणि भाजलेल्या दाण्यांची पुडी. पोरगा विमानतळाच्या दारातून बाहेर पडला, की याच्या तोंडाचा पट्टा सुरू. हा रस्ता बघ किती रुंद केला, त्या बंगल्याच्या मालकानं तिसरी बायको केली, तू किती जाडा झालास रे, अमेरिकेत काय नुसतं खातच बसता? मधेच पोरगा विचारायचा, "गाशे, खरं सांगा, आई कशी आहे?" की हा स्टिअरिंगवरचे दोन्ही हात उचलून म्हणायचा, "मारियमची शपथ! आज सकाळी माझ्याबरोबर कॉफी घेतली तिनं. रिवाजाचे तिन्ही कप!" पोरगा हसायचा. आणि दर रविवारी बेयेने पाद्रीबुवांसमोर उभा राहून म्हणायचा, "फादर, या आठवड्यात पुन्हा एक खोटी शपथ झाली. तुम्हीच मारियमला समजावून सांगा."

स्वतः त्यानं जन्मात विमानात पाय ठेवला नव्हता. पण कोण कुठून आलंय हे तो नुसतं बघून सांगायचा. जेद्दा-बैरूतहून आलेल्या पोरींची ओठांची लालीही पुसलेली नसायची. वॉशिंग्टनहून आलेल्यांचे पाय सुजून बुटांच्या नाड्या सोडलेल्या. विमान कंपनीच्या कचेरीतल्या मुलीला त्यानं एकदा विचारलं, अंतर तरी किती आहे? ती म्हणाली, साडेअकरा हजार किलोमीटर, मध्ये रोमला उतरून सगळं धरून सोळा तास. "माझी लाडा वर्षभरात एवढी चालत असेल," बेयेने म्हणाला, "आणि तेवढ्यात दोनदा इंजिन उतरवावं लागतं." मग म्हणाला, "म्हणजे जेद्दावाल्याची आई चारच तास जास्त जगते, वॉशिंग्टनवाल्याची सोळा. लोक उगाच रडतात अमेरिका लांब म्हणून. बरं आहे की, लांब आहे ते!" 

हे सगळं त्याच्या डोक्यात कुठून शिरलं, तेही सांगतो. ओगादेनच्या लढाईत तो लष्कराचा ट्रक चालवायचा. एका सकाळी हजेरी चालली होती. वरचा साहेब कागदावरून नावं वाचत होता आणि नावं वाचता वाचताच म्हणाला, "बेयेने, तुझी आई वारली, निरोप आलाय. पुढचा, शिफेराव!" बेयेनेच्या तोंडून सवयीनं निघालं, "हजर!" एवढंच. मग दिवसभर त्यानं दारूगोळा वाहिला. चार महिन्यांनी सुटी मिळून घरी आला तरी डोळ्यांतून टिपूस नाही. जेवायचा, हसायचा, पण आतून लाकूड झालेला.

तेव्हा शेजारच्या एत्ये आस्कालेचनं एक गोष्ट केली. ही बाई विणकरांसाठी सूत कातायची, जिभेला हाड नाही अशी, अख्ख्या गल्लीला धाकात ठेवणारी. एत्ये म्हणजे थोरली बहीण, आणि ती सगळ्या शिरो मेदाची थोरली बहीण होती. बेयेनेला बातमी कळलेली आहे हे तिला पक्कं माहीत होतं. तरी दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं सगळी गल्ली उठवली, शाली पांघरून अंगणात उभी केली आणि बेयेनेला बाहेर बोलावून म्हणाली, "बेयेने, बाळा, तुझी आई गेली रे." जणू पहिल्यांदाच सांगतेय. आणि तो दांडगा गडी तिथल्या तिथे चिखलात बसला आणि दुपारपर्यंत रडला. त्या दिवसानंतर एत्ये आस्कालेचनं सांगावं आणि बेयेनेनं नाही म्हणावं असं कधी घडलं नाही.

तर अशा या एत्येला त्या वर्षी पाऊस सरता सरता, सप्टेंबरातल्या आमच्या नव्या वर्षाची पिवळी फुलं टेकडीवर उमलत असतानाच अर्धांगाचा झटका आला. कापूस पिंजता पिंजता कलंडली. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. वाचा! अहो, तिच्या तोंडाला घाबरून भाजीवाला गल्ली बदलायचा, ती बाई आता नुसती डोळ्यांनी बघायची. बघायची कुठे, तर दाराकडे. डॉक्टर म्हणाला, हृदयही दमलंय, आठवडाभराच्या पुढचं मी सांगू शकत नाही, मुलंबाळं असतील तर बोलावून घ्या.

मूल एकच. त्सिगे. सहा वर्षं झाली होती वॉशिंग्टनला जाऊन, तिथल्या एका हॉटेलात चादरी धुवायच्या कामावर. तेव्हा फोन होते, पण फोनात माणसाचं तोंड दिसायचे दिवस अजून यायचे होते. गल्लीत फोन एकच, आतो तेफेराच्या, म्हणजे तेफेरासाहेबांच्या बैठकीत. हा आतो तेफेरा म्हणजे आमच्या इद्दिरचा अध्यक्ष. कुणी मेलं की तंबू, बाकं, पातेली, रडायला माणसं, सगळं इद्दिर पुरवतं, आणि अध्यक्ष म्हणून हा माणूस जिवंत असलेल्यांकडेही मापं घेतल्यासारखाच बघायचा. मनानं वाईट नव्हता बिचारा. कामात चोख होता इतकंच.

पहिला फोन बेयेनेच्या बायकोनं, वर्किनेशनं केला. ती आवाज मऊ करून म्हणाली, "त्सिगेये, राणी, काही नाही गं. आईला जरा बरं वाटत नाहीये. जमलं तर येऊन जा."

 पलीकडून अशी किंकाळी, की वर्किनेशच्या हातातून फोन सुटला.

झालं! जी गोष्ट आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मेलेल्यांसाठी राखून ठेवली, तीच आता जिवंत माणसासाठी बोलावी लागली, आणि तिचा अर्थ काय लागणार? पोरगी इथलीच. तिला काय सांगायला हवं? "आईला जरा बरं नाही" म्हणजे आई गेली. त्याहून स्पष्ट वाक्य आमच्या भाषेत नाही. वर्किनेशनं फोन उचलून शपथा घेतल्या, "जिवंत आहे गं, देवाशपथ जिवंत आहे!" शपथ घेतली म्हणजे तर संशयच उरला नाही.

तिसऱ्या दिवशी त्सिगेचाच फोन आला. आतो तेफेरानं धावत बेयेनेला बोलावलं, "ये बाबा, यातला पंडित तूच." बैठकीत तेफेरा, वर्किनेश आणि फोनपाशी बेयेने. हात पुसून त्यानं फोन घेतला आणि घसा साफ केला. आता गंमत बघा. आयुष्यात पहिल्यांदा त्याला खरं सांगायचं होतं आणि खरं बोलायचा आवाजच त्याला सापडेना. तोंडातून आला तो तोच, टाय बांधलेला आवाज.

"त्सिगे! माझी सोन्याची बाहुली ती! अगं कशी आहेस? तिकडे थंडी पडली का?"

"गाशे." तिचा आवाज रडून रडून बसला होता. "कुठल्या चर्चमध्ये पुरलंत?"

"हे काय बोलणं? आई मजेत आहे! आताच बघून आलो."

"मग फोनवर बोलवा तिला."

बेयेनेनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "तेवढं... वाचा गेलीय गं तिची. झटका आलाय. बाकी झकास आहे!"

"वाचा गेलीय. हं." ती भिंतीला टेकल्यासारखं वाटलं. "गाशे, मी लहान होते तेव्हा तुमच्या गाडीत मागे बसून आले होते बोलेला. आठवतं? तो रोमहून आलेला मुलगा. तुम्ही त्याला केळी दिलीत, हसवलंत, आणि त्याचे वडील पुरून पाच दिवस झाले होते. तेव्हाही असेच गोड बोलत होतात. मला फसवू नका. माझं रडून झालंय."

"अगं मारियमची शपथ..."

"मारियमला त्रास देऊ नका, गाशे. ऐका. आता येऊन तरी मी काय करू? तिचं तोंड तर दिसणार नाही. हॉटेलात रजा मागितलीय, ती पुढच्या महिन्यात मिळेल. चाळिसाव्या दिवसाच्या विधीला मी येते. तुम्ही तेवढं वर्किनेशला सांगा, चाळिसाव्याची बिअर घरीच गाळायला घ्या, विकतची नको. आईला विकतची आवडायची नाही."

आवडायची नाही! बेयेनेच्या डोळ्यांसमोर एत्ये आली. उशीला टेकून दाराकडे बघणारी. आठवडा म्हणाला होता डॉक्टर, त्यातले तीन दिवस गेले. पोरगी चाळिसाव्याला येणार, आणि तेव्हा खरंच चाळिसावा घालायचा झालेला असणार. आणि दोष कुणाचा? त्याच्यासारख्या गोड बोलणाऱ्यांचा. त्याचं डोकं असं फिरलं, की नंतर तो म्हणायचा, मलाच माझी भीती वाटली.

"अगं ए गाढवे!" तो ओरडला. तेफेराच्या हातातली बशी खाली पडली. "आई जिवंत असताना तिच्या चाळिसाव्याची बिअर गाळायला सांगतेस? लाज वाटते का? सहा वर्षांत एकदा तरी तोंड दाखवलंस? सुताच्या गुंड्या विकून तुला पाठवली तिनं, बोटं सोलून निघाली तिची, आणि तू तिला तिथे बसून पुरून मोकळी झालीस? ती मुकी होऊन दाराकडे बघतेय गं दिवसरात्र! मी गेलो तरी मान फिरवते, माझ्यामागे तू आहेस का ते बघते! आणि तुला रजा हवीय! पुढच्या महिन्यात!"

"अहो, काय करताय!" वर्किनेश त्याची बाही ओढत होती. तेफेराचा चेहरा पांढरा पडला होता. ज्याच्या घरी माणूस गेलंय, किंवा गेलंय असं ज्याला वाटतंय, त्याच्यावर आमच्याकडे शत्रूही आवाज चढवत नाही. आणि बेयेने! ज्यानं इतक्या वर्षांत अशा कुणाला वाकडा शब्द ऐकवला नाही, तो बेयेने!

"आणि रडू नकोस!" तो म्हणाला. "रडण्याजोगं अजून काही झालेलं नाही. होईल तेव्हा मी स्वतः गोड बोलेन!"

 पलीकडून त्सिगेचा आवाज आला, लहान मुलीसारखा.

"गाशे, तुम्ही मला शिव्या दिल्यात."

"दिल्या! अजून देईन!"

"म्हणजे... आई आहे?"

बेयेनेचा आवाज खाली आला. "आहे गं. आहे, पण फार नाही. ये लवकर."

त्सिगेनं रजेची वाट पाहिली नाही. नोकरी राहते की जाते हे बघायलाही थांबली नाही. दुसऱ्याच दिवशीच्या विमानाचं तिकीट काढून तिनं तेफेराकडे निरोप ठेवला.

आणि खरी परीक्षा पुढेच होती. मघाशी सांगितलं ना, बेयेनेला वाटायचं अमेरिका लांब आहे ते बरं आहे. आता त्याच सोळा तासांची त्याला अशी दहशत बसली, की तो गाडीलाही हात लावेना. इतकी वर्षं ते तास मेलेल्या आईला मुलापाशी जिवंत ठेवायचे, आता जिवंत आईनं ते निभावायचे होते. एत्येचा श्वास मध्येच अडकायचा, मग सुटायचा. मध्येच ही गेली, तर आयुष्यात एकदाच बोललेलं खरं पोरगी पोचेपर्यंत खोटं ठरणार. पोरगी म्हणेल, गाशेंनी मला शिव्यासुद्धा खोट्या दिल्या.

तो एत्येच्या उशाशी जाऊन बसला. काय बोलावं कळेना म्हणून म्हणाला, "एत्ये, विमान उडालं बरं का." तिचे डोळे त्याच्याकडे वळले. गेल्या चार दिवसांत पहिल्यांदाच ते दारावरून हलले होते. बेयेनेला धागा सापडला. "आता समुद्रावर आहे. खाली नुसतं पाणी. त्सिगे खिडकीशी बसलीय. पोरगी कसली भित्री आहे, माहितीये ना, पट्टा घट्ट आवळून बसलीय." एत्येच्या डाव्या हाताचं बोट हललं. "जेवण दिलंय त्यांनी. पण काय जेवण! वाफवलेलं, बेचव. तुमच्या हातचं शिरोचं पिठलं आठवत असणार तिला."

सबंध संध्याकाळ, रात्र आणि पुढची सकाळ तो विमान चालवत राहिला. त्याला कुठलं डोंबलाचं माहीत, विमान कुठल्या रस्त्यानं येतं! पण मुक्काम ठाऊक होते, मधलं त्यानं टॅक्सीच्या हिशेबानं भरलं. "आता रोम. रोमला तेल भरतायत. त्सिगे खाली उतरून पाय मोकळे करतेय." एत्येचे डोळे मिटायला लागले की हा घाईनं पुढे सरकवायचा, "मिसर आलं, मिसर! नाईल दिसतेय. आपल्याकडूनच गेलेलं पाणी ते!" वर्किनेश कॉफी घेऊन आली तेव्हा हा खार्तूमवर होता. "झोपा थोडं," ती म्हणाली. "मी झोपलो तर विमान कोण आणेल?" बेयेने म्हणाला, आणि ते त्यानं चेष्टेनं म्हटलं नव्हतं.

एत्ये निभावली. खार्तूमच्या अलीकडे त्यानं विमान वर्किनेशच्या हवाली केलं, "आता डोंगरांवर आलंय म्हण, डोंगर पुष्कळ आहेत, पुरतील," आणि अंगातल्या मळक्या स्वेटरवरच लाडा घेऊन बोलेला सुटला.

आता विमानात काय झालं ते. त्सिगे चढली तेव्हा तिला पक्की खात्री होती, की आई आहे. शेजारी आपल्याकडची एक प्रौढ बाई बसलेली. गप्पांमध्ये तिनं विचारलं, कशासाठी चाललीस? त्सिगे म्हणाली, आईला जरा बरं नाही. त्या बाईनं काही न बोलता तिचा हात हातात घेतला आणि असा सुस्कारा सोडला, की पुढच्या रांगेतली दोन माणसं मागे वळली. मग एकानं पाणी दिलं, एकानं आपली उशी. एक म्हातारे गृहस्थ उठून आले आणि म्हणाले, "पोरी, धीर धर, आई सगळ्यांचीच जाते." अर्धं विमान आपलंच होतं, आणि चांगुलपणा तर आमच्या लोकांत वाजवीपेक्षा जास्तच. रोम येईस्तोवर तिचा विश्वास पातळ झाला होता. मिसरवर तो पूर्ण गेला. बोलेला उतरली ती पांढरी नेतेला शाल, तिचा काठ मानेशी घेऊन, दुखवट्यातल्या बाईसारखी पांघरूनच.

तिला बघून बेयेने धावतच पुढे गेला. "अगं, हे काय? काढ ती नेतेला! आई आहे!"

"हो गाशे," ती शांतपणे म्हणाली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

रस्ताभर त्याला शब्द सुचला नाही. पुन्हा शिव्या द्याव्यात, तर तिच्याकडे बघून जीभ उचलेना. गोड बोलावं, तर संपलंच. बंगले, रुंद रस्ते, सगळं मुकाट मागे गेलं. त्याची ती चुप्पी तिला शेवटचा पुरावा वाटली. सिदिस्त किलोच्या चढावर आरशात बघितलं तर ती हुंदका आवरत होती, आणि बेयेने मनात म्हणत होता, एकदा दार उघडलं की सुटलो.

शिरो मेदाच्या वळणावर गाडी वळली आणि गल्लीच्या तोंडाशी, ऐन एत्ये आस्कालेचच्या दारासमोर, इद्दिरचा मोठा तंबू ताणलेला.

बेयेनेनं करकचून ब्रेक दाबला. गेली? एवढ्यात? खार्तूम ते आदिसमध्ये? मग त्याला तेफेरा दिसला. शिडीवर उभा राहून तंबूवर झाडू मारत होता. तीन महिने पावसात गुंडाळून ठेवलेल्या कापडाला बुरशी आली होती, उन्हाचा पहिला कोरडा दिवस बघून अध्यक्षांनी तंबू वाळत घातला होता. आणि गल्लीत सपाट जागा एत्येच्या दारापुढेच! चोख माणूस! बेयेने ओरडला, "अगं त्सिगे, थांब, ते वाळत..." पण ज्या बाजूचं दार उघडतं त्या बाजूनं ती केव्हाच बाहेर पडली होती.

तंबूखाली जाऊन तिनं छाती बडवली आणि शोक सुरू केला. आमच्याकडे शोक म्हणजे नुसतं रडणं नव्हे. गेलेल्याचं सगळं बोलायचं असतं, उभ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं. "एमाये! माझ्या आई! बोटं सोलवटून सूत कातलंस गं, आणि मला म्हणायचीस हात चुलीवर भाजला! तू दिलेले दाणे मी एकेक करून खाल्ले, एमाये, वर्षभर पुरवले! फोनवर सांगायची मी, खोली उबदार आहे. खोटं सांगायची! थंडीत तुझी शाल घेऊन झोपायची, तिला धुतली नाही, तुझा वास जाईल म्हणून! मला कधी बोट लावलं नाहीस गं मारायला..."

शेजारच्या बायका धावत आल्या. सगळ्यांना ठाऊक, की एत्ये आत जिवंत आहे. पण पोरीचा तो सूर ऐकून कुणाला राहवतंय? "नाही गं, नाही गं," म्हणता म्हणता त्याही पदर डोळ्यांना लावून रडायला लागल्या. शिडीवर तेफेरासुद्धा झाडू धरून मुसमुसत होता. या गोंधळात बेयेनेला एकच सुचलं. आवाज आत गेला असणार, दमलेल्या हृदयाला हा धक्का! तो तसाच घरात धावला.

वर्किनेश घाबरून उभी होती. एत्ये उशीला टेकून बसलेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडाची चांगली बाजू हसत होती.

"एत्ये, घाबरू नका, पोरगी खुळी आहे, आताच्या आता आत आणतो," बेयेने म्हणाला आणि वळला. तिच्या डाव्या हातानं त्याच्या स्वेटरची बाही घट्ट धरली. केवढी ताकद होती त्या हातात! तिनं त्याला खाली ओढलं, खाटेवर बसवलं आणि बोट बाहेर दाखवून मग स्वतःच्या ओठांवर ठेवलं. गप्प बैस. ऐकू दे मला.

मग बेयेने बसला. बाहेर त्सिगे सांगत होती आणि आत तिची आई एकेक ऐकत होती. सुताचं आलं तेव्हा तिनं मान हलवली. शालीचं आलं तेव्हा डोळे मिटून घेतले. मारलं नाही म्हणाली ते पुन्हा आलं तेव्हा मात्र भुवया उंचावून बेयेनेकडे बघितलं, कारण त्सिगेनं लहानपणी बुक्के खाल्लेले अख्ख्या गल्लीनं पाहिले होते. बेयेनेला हसू फुटलं आणि रडूही फुटलं. जे प्रत्येकाविषयी उशिरानं बोललं जातं, ते या बाईच्या कानांवर वेळेत पडत होतं, आणि ती ते एकही शब्द न सांडता घेत होती.

बाहेर पोरीचा आवाज थकत गेला, मग नुसते हुंदके राहिले. एत्येनं बाही सोडली.

बेयेने दारात गेला. "त्सिगे," तो म्हणाला, "आत ये. आईनं सगळं ऐकलंय तुझं."